साहेबांच्या नावावरचं रक्त

पळसपारच्या ताराचंदला दोन कामं होती. एक, ईश्वर शेठच्या कारखान्यात पितळेचे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, ठोकायचं. दुसरं, दवाखान्यातल्या बाकावर बसायचं. पहिल्या कामाची मजुरी मिळायची, दुसऱ्याची टिंगल. पण ज्या कामानं त्याला उभ्या जन्माचं रडवलं, ते दुसरंच.

झालं असं. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या धारेनं त्याचा पंजा चिरला. ईश्वर शेठनं त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून गावच्या कुटीर रुग्णालयात नेलं. टाके पडले. रक्त तपासणाऱ्यानं काचेच्या पट्टीवर त्याचं रक्त पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि उठून थेट कारकून मधुकररावांच्या टेबलाशी जाऊन कुजबुजला. ताराचंद हळूच दाराकडं सरकला. साल कोणतं होतं ते ध्यानात घ्या. त्या साली दवाखान्यात शिरलेला गडी कोणत्या कागदावर सही करून बाहेर पडेल आणि घरी बायकोला काय तोंड दाखवेल याचा नेम नव्हता. नसबंदीच्या जीपचा आवाज आला की मोहल्ल्यातले बाप्ये वैनगंगेच्या वाळूत पळत सुटायचे.

मधुकररावांनी एक छापील कागद पुढं सरकवला. "कर सही. अरे नसबंदीचा नाही बाप्पा, भितो कायले? तुझं रक्त लाखात एक आहे. ओ निगेटिव्ह. आपल्या साहेबांचंही हेच."

साहेब म्हणजे त्या भागाचे आमदार. कधी मंत्री असायचे, कधी नुसते आमदार, पण दौरे बारमाही. त्यांच्या पोटात जुनी जखम होती आणि ती केव्हा फुटून रक्त वाहील याचा भरवसा नाही, असं मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. नागपूरची रक्तपेढी अडीच तासांवर. पळसपारच्या दवाखान्यातला फ्रीज वीज असेल तेवढा वेळच थंड. मग उपाय काय? जिताजागता माणूसच तयार ठेवायचा. लागलं तर जागच्या जागी बाटली भरायची.

ताराचंद दोन यत्ता शिकला होता. अक्षराला अक्षर लावून वाचता यायचं, पण कारकुनासमोर कागद वाचत बसायची छाती कोणाची? त्यानं मान खाली घालून सही केली. मधुकरराव हसले आणि म्हणाले, "झालं! आता तुझं रक्त साहेबांच्या नावावर चढलं. कोणाले देजो नको बरं!"

मधुकररावांचा स्वभावच थट्टेखोर. पाच मिनिटांत ते विसरलेही असतील. ताराचंद मात्र तो शब्द घरी घेऊन आला. शेत नावावर चढतं, घर चढतं, तसं रक्त चढलं, यात त्याला काही नवल वाटलं नाही. सरकारनं त्या साली याहून मोठं काय काय नावावर चढवून घेतलं होतं! बायको रत्नाबाई तेवढी म्हणाली, "सायबाचं त सायबाले गेलं. मंग तुमच्या आंगात कोणाचं हाय?"

"माह्याच आंगात ठेवलं हाय. संभाळाले," ताराचंद म्हणाला. आणि हे तो हसून म्हणाला नाही.

तेव्हापासून दौरा आला की आदल्या दिवशी शिपाई चिठ्ठी आणायचा. सकाळी नऊला ताराचंद धुतलेला सदरा घालून ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचा. चहा मिळायचा, दोन केळी मिळायची. साहेबांच्या गाड्या तालुक्याची हद्द ओलांडून गेल्या की सुट्टी. गावानं त्याचं नाव पाडलं 'सायबाची बाटली'. तो पानठेल्यावरून गेला की कोणीतरी हटकून म्हणायचं, "अबे सरका, बाटली फुटंल!" ताराचंद हसून घ्यायचा. सांगू का, त्याला थोडं बरंही वाटायचं. आपण कोणाच्या तरी मोठ्या कामाचे आहोत, हे रोज गुंड ठोकणाऱ्याला कोण सांगतं?

पानठेल्यावर श्यामराव मास्तर पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. साहेब विधानसभेत बोलले, की खेड्यातल्या शेवटच्या माणसाच्या दारात औषध पोचलं पाहिजे. तीन दिवस चर्चा झाली. विरोधकांनी टेबलं बडवली. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होतं, की सदस्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या उपचाराचा खर्च सरकारनं द्यावा. त्यावर चर्चाच नाही. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "पाहा रे, साऱ्या गोष्टीवर भांडले, अन् इथं आले की सारे सोयरे!" सगळे हसले. ताराचंद हसला नाही. साहेबांच्या दुखण्याची चेष्टा त्याला आवडायची नाही. तो त्यात भागीदार होता.

कारखान्यात त्याच्या समोर डोमा बसायचा. एकाच गुंडावर दोघांचे हातोडे, एकाचा पडला की दुसऱ्याचा उठायचा. चुकला तर बोटं जायची, पण बारा वर्षांत चुकला नव्हता. डोमा त्याला ताराभाऊ म्हणायचा. दोघांचा डबा एकत्र, सुख एकत्र, बिडीही अर्धी-अर्धी.

एकोणऐंशीच्या फाल्गुनात, भर दुपारी, डोमा धावत कारखान्यात आला. त्या दिवशी तो कामावर नव्हता, त्याची बायको रंभा बाळंतपणाला दवाखान्यात होती. पायात चप्पल नाही, तोंडाला कोरड. "ताराभाऊ, पोरगी झाली. पण रंभीचं रक्त थांबूनच नाही राहिलं. डॉक्टर भंडाऱ्याहून तासाभरात येते म्हणते. सिस्टरबाईनं सांगतलं, ताराचंदले आण, त्याचं रक्त साऱ्याले चालते. एक बाटली भेटली त ते वाचते म्हणते. चाल लवकर."

ताराचंदच्या हातात हातोडा होता. तो उठला, दोन पावलं चालला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी दौरा होता. चिठ्ठी खिशात होती.

"डोमा, मायं रक्त सायबाच्या नावावर हाय ना रे."

दारापर्यंत गेलेला डोमा मागं फिरला.

"सही करून देल्ली हाय. आज काढलं अन् उद्या सायबाले लागलं, त मी कुठून आणू? सरकारी चीज हाय बाप्पा. मले नेतील, अन् तुलेही नेतील."

आता कोणी म्हणेल, डोमानं त्याची गचांडी धरायची होती. फरफटत न्यायचा होता. अहो, पण डोमाचाही त्या कागदावर तेवढाच विश्वास! शहात्तर साली त्याच्या सख्ख्या भावाला एका सहीपायी जीपमधून नेलं होतं. डोमा हात जोडायलाही विसरला. "हौ, सही केली हाय ना तू," एवढंच पुटपुटला आणि आला तसा धावत गेला. सिस्टर मनकर्णाबाईला त्यानं एवढंच सांगितलं, की ताराचंद देत नाही. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर. ताराचंदनं जाऊन एका शब्दानं विचारलं असतं तर? पण दवाखान्यातल्या माणसाला प्रश्न विचारायचा असतो, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. दिवेलागणीच्या आधी रंभा गेली. दुसऱ्या दिवशी ताराचंद धुतलेला सदरा घालून बाकावर बसला. साहेबांना काही झालं नाही. केळी त्याला गेली नाहीत.

तेराव्याला डोमाच त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू तरी काय करशील ताराभाऊ? सरकारच्या चिजेले कोण हात लावते?"

त्या एका वाक्यावर ताराचंद पुढची पाच वर्षं जगला. डोमाची पोरगी रत्नाबाईनं आपल्या मांडीवर वाढवली. ती ताराचंदला मोठेबाबा म्हणायची. हातोडे पुन्हा एकाआड एक पडू लागले. फक्त सिस्टर मनकर्णाबाई त्याच्याशी कधी धड बोलली नाही. बाकावर चहा आणून आदळायची आणि तोंड फिरवून जायची. का, ते त्याला कळायचं नाही.

चौऱ्याऐंशी साल उजाडलं. धानाची कापणी सुरू होती आणि साहेब पुन्हा मंत्री झाले होते. दवाखान्याच्या नव्या वॉर्डाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होणार होतं. शेजारच्याच मैदानात मांडव पडला, भोंगे लागले, दवाखान्याच्या भिंतीला चुना लागला. 'सन दोन हजारपर्यंत सर्वांना आरोग्य' असं कापडावर लिहून फाटकावर टांगलं. ताराचंद नवाच्या ठोक्याला बाकावर.

दहाच्या सुमाराला धानाच्या पोत्यांचा ट्रक फाटकात शिरला. पोलिसानं अडवला, पण ड्रायव्हरनं ऐकलं नाही. पोत्यांवर चादरीत गुंडाळलेली एक बाई होती. करडीच्या सुखरामची बायको, देवकाबाई. पहाटे घरी बाळंत झाली होती, वार अडकली होती, आणि चादर रक्तानं ओली. तिला आत नेताना तिचा हात ताराचंदच्या गुडघ्याला लागला. गार होता. त्यानं पाय आखडून घेतले.

दवाखान्यात दोन महिन्यांपूर्वीच डॉक्टर बोरकर नावाच्या बाई आल्या होत्या. शिडशिडीत अंग, जिभेला धार. आत गेल्या आणि पंधरा मिनिटांनी हात पुसत बाहेर आल्या. "वार काढली. पण अंगात रक्त उरलेलं नाही. नागपूरपर्यंत टिकणार नाही. कोणाचं रक्त आहे?"

सुखरामचं तपासलं, जुळलं नाही. भोंग्यातून हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग सुरू झालं. बाईंची नजर बाकाकडं गेली. "हा माणूस इथं कशाला बसलाय सकाळपासून?"

"थे सायबाची बाटली हाय," शिपाई सवयीनं बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"ओ निगेटिव्ह आहे त्याचं," मनकर्णाबाई म्हणाली. मग ताराचंदकडं न बघताच पुढं म्हणाली, "पण त्याले इचारू नका बाई. तो देत नसते. पाच वर्सांमागंही देल्लं नाही."

ताराचंद उभा राहिला. "द्याले ना नाही बाई. पण मले देता येत नाही. मायं रक्त सायबाच्या नावावर हाय. कागद हाय तसा."

"काय?" बोरकरबाईंना आधी वाटलं, हा थट्टा करतोय. मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. "कुठं आहे कागद?"

मधुकरराव आता हेडक्लार्क झाले होते. कोटाला बिल्ला लावून दारात हार मोजत उभे होते. "बाई, दौऱ्याची वेळ आहे, फाइल नंतर—"

"आत्ता. एक मिनिट गेलं तर तुमच्या नावानं लिहीन."

फाइल आली. बाईंनी धूळ झटकली, पानं उलटली, एका पिवळ्या कागदावर थांबल्या. वाचला. पुन्हा वाचला. मग कागद ताराचंदच्या हातात दिला. "वाचता येतं ना? वाच."

ताराचंदनं बोट ठेवलं. भोंग्यातून देशभक्तीचं गाणं लागलं होतं आणि आत देवकाबाई कण्हत होती. तो अक्षराला अक्षर लावत गेला. "मी... खाली सही करणार... माझ्या राजीखुशीनं... लिहून देतो की... गरज पडल्यास... कोण... कोणत्याही..."

तिथं तो अडकला. अक्षर अवघड नव्हतं.

"पुढं वाच."

"कोणत्याही रुग्णास... रक्त देण्यास तयार आहे."

"कुठं आहे साहेबांचं नाव?" बाई म्हणाल्या.

ताराचंदनं कागद उलटा करून पाहिला. मागं कोरा होता. त्यानं मधुकररावांकडं पाहिलं. "तुमीच बोलले होते ना बाबूजी? सायबाच्या नावावर चढलं म्हणून. कोणाले देजो नको म्हणून."

"मी?" मधुकरराव खरोखरच आठवू लागले. मग त्यांचा चेहरा पडला. "अरे, ते तर मी गमतीनं बोललो असेन! गंमत कळत नाही का माणसाला?"

मनकर्णाबाईनं हातातलं तबक खाली ठेवलं. पाच वर्षं जिला तो भित्रा आणि कसाई वाटत होता, तिला आत्ता उमगलं काय झालं होतं ते. "माय वो माय," एवढंच ती म्हणाली.

"बाई," ताराचंद म्हणाला, "चला. काढा."

"थांबा, थांबा," मधुकरराव आडवे झाले. "कागदात नसेल, पण वरून तोंडी हुकूम आहे. हा बाक दौरा संपेपर्यंत रिकामा राहता कामा नये. साहेबांना काही झालं तर माझी पेन्शन जाईल!"

"साहेबांना काही झालं तर त्यांच्या गाडीमागं गाडी आहे, गाडीत डॉक्टर आहे," बोरकरबाई म्हणाल्या. "नागपूर आहे, मुंबई आहे, आणि बिल भरायला सरकार आहे. हिच्यामागं काय आहे? धानाचा ट्रक. सरका."

त्यांनी त्याला आत घेतलं आणि कडी लावली. रक्त जुळवून पाहायला जो वेळ गेला, तो ताराचंदला आपल्या गेल्या पाच वर्षांएवढा लांब वाटला. देवकाबाईचे ओठ पांढरे पडले होते. मग सुई टोचली आणि काचेच्या बाटलीत लाल धार पडू लागली. तो मूठ उघडत होता, मिटत होता. बाहेर शिट्ट्या झाल्या, गाड्यांचे दरवाजे आपटले, फटाके फुटले. साहेब आले होते. लगेच दारावर थाप पडली.

"डोनर कुठं आहे? बाक रिकामा का?" दौऱ्यावरचा कोणी अधिकारी ओरडत होता.

"डोनर रक्त देतोय," बाई आतूनच ओरडल्या.

"कोणाला? साहेब तर आत्ता उतरले!"

"रुग्णाला!"

दारावर आणखी दोन धक्के बसले. कडी खिळखिळी होती. मनकर्णाबाईनं पाठ लावून दार दाबून धरलं. बाटली अर्धी झाली, पाऊण झाली. भोंग्यातून साहेबांचा आवाज आला, बंधू आणि भगिनींनो, गरिबाच्या आरोग्याच्या बाबतीत हे सरकार कोणतीही कसर ठेवणार नाही. ताराचंदला एकच भीती वाटत होती, की बाटली भरायच्या आत कोणीतरी आत येऊन सांगेल, नाही नाही, तो कागदच चुकीचा आहे.

बाटली भरली. ती देवकाबाईच्या उशाला टांगली. अर्ध्या तासानं मनकर्णाबाईनं तिच्या पायाला हात लावला, मग गालाला. "बाई, पाय ऊन झाले हिचे!" साहेबांच्या गाड्या गेल्यावर दौऱ्याची रुग्णवाहिका मोकळी झाली आणि देवकाबाईला घेऊन नागपूरला सुटली. ती पंधरा दिवसांनी आपल्या पायांनी करडीला परत आली. पण त्या दिवशी रुग्णवाहिकेत चढण्याआधी सुखराम ताराचंदच्या पाया पडायला वाकला, तेव्हा ताराचंद भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होता. सुखरामला वाटलं, आनंदानं. कसला आनंद? एक बाटली, अर्धा तास, आणि पाय ऊन झाले. एवढंच लागलं असतं रंभीला.

मनकर्णाबाई त्याच्या शेजारी बाकावर बसली. "डोमाले मी काही सांगणार नाही," ती हळूच म्हणाली. "तूही नको सांगू. कायले जुनं उकरतं?"

ताराचंदनं चहा घेतला नाही. उठला आणि कोपराला कापसाचा बोळा तसाच दाबून कारखान्याकडं निघाला. चक्कर येत होती. वाटेत पानठेल्यावर कोणी काही म्हणालं, त्यानं ऐकलं नाही. न सांगता राहता आलं असतं. डोमाच्या तोंडची माफी तर मिळालीच होती. पण ज्या गोष्टीसाठी डोमानं माफ केलं होतं, तसं काही नव्हतंच ना!

डोमा एकटाच गुंड ठोकत होता. ताराचंदच्या हाताचा कापूस पाहून दचकला. "सायबाले काही झालं का?"

"नाही. करडीच्या बाईले देल्लं."

"देऊ देल्लं त्याईनं?"

"देता येत होतं डोमा." ताराचंद त्याच्यासमोर आपल्या जागेवर बसला. "कागदात सायबाचं नावच नाही. कोणालेही देतो म्हणून लिवलं हाय. मी आज वाचला. तवाही देता येत होतं. मले एक बार इचाराचं होतं, मी इचारलं नाही."

डोमाचा हातोडा गुंडावर टेकलेला तसाच राहिला. पलीकडच्या भट्टीचा भाता तेवढा चालू होता. ताराचंद वाट बघत होता, की आता तो हातोडा आपल्याकडं येईल. आला असता तर त्यानं हात आडवा केला नसता.

"मलेही वाचता येते," डोमा शेवटी म्हणाला. "चार यत्ता शिकलो मी. मीही नाही म्हणलो, की दाखव कागद."

त्यानं डोळे पुसले नाहीत. उठला, खुंटीवरचा डबा काढला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपली भाकर वेगळी बांधून घेतली. दारात जाऊन थांबला, पण वळला नाही.

"पोरीले सांगू नको," तो म्हणाला. "ते तुले मोठेबाबा म्हणते."

दुसऱ्या दिवशी डोमा दुसऱ्या ओळीत, दुसऱ्या माणसासमोर बसला. ताराचंद त्यानंतरही दवाखान्यात जायचा, पण चिठ्ठीची वाट न बघता. कोणाची बाई अडली, कोणाचा गडी झाडावरून पडला की हजर. दौऱ्याची चिठ्ठी आली की शिपायाला सांगायचा, "सायबाले म्हणा, लागलं त देईन. आधी कोणी आलं नसंल त." अठ्ठ्याऐंशीपर्यंत त्यानं सतरा माणसांना रक्त दिलं. डोमाची पोरगी रोज संध्याकाळी त्याच्या अंगणात खेळायला यायची, आणि डोमा तिला न्यायला फाटकापर्यंतच यायचा.